वही घेऊन दारात आलेली माणसं



गेल्या आठवड्यात एक मावशी शुगर दाखवायला आल्या होत्या. वजन शेहेचाळीस किलो, अंगानं वाळकी काडी, आणि शुगर मात्र सहा वर्षांपासून. रिपोर्ट बघून झाले, गोळ्या लिहून झाल्या, तरी मावशी उठेनात. म्हणाल्या, "डॉक्टर, ती सर्व्हेवाली पोरगी परत आली होती. घरात माणसं किती, चूल का गॅस, संडास हाये का, कुणाला बीपी-शुगर, कोण वारलं का. मागल्या साली सगळं सांगितलं होतं की. एवढं लिहून नेत्यात, त्याचं पुढं करत्यात काय?"

मी "सरकारला लागतं, मावशी" असं काहीतरी थातूरमातूर उत्तर दिलं. बाहेर पेशंट खोळंबले होते. पण प्रश्न डोक्यातून जाईना. कारण हा प्रश्न विचारायचा हक्क शिरूर-दौंडच्या माणसाला जरा जास्तच आहे. आपल्या भागात वही घेऊन माणसं येतायत ती आजकाल नाही, दीडशे वर्षांपासून. त्या वह्यांचं पुढं काय झालं, ते आज सांगतो. लेख थोडा लांबला आहे, पण शेवटी तुमच्या शुगरपर्यंत येतो, तेव्हा धीर धरा.

करड्याची गोष्ट

शिरूर तालुक्यातलं करडे तुम्हाला माहीत आहे. डिसेंबर १८७४ मध्ये तिथल्या एका सावकारानं एका देशमुखावर कोर्टाचा हुकूमनामा आणला. कर्ज १५० रुपयांचं. त्यापायी राहतं घर पाडलं गेलं. गाव चिडलं आणि सावकारांवर बहिष्कार पडला. त्यांची जमीन कसायची नाही, दुकानात जायचं नाही, न्हाव्यानं दाढी करायची नाही, पाणक्यानं पाणी भरायचं नाही. हे लोण शेजारच्या गावांत गेलं. पुढं १२ मे १८७५ ला सुप्याच्या बाजारात उद्रेक झाला. सुपे आज बारामती तालुक्यात येतं, तेव्हा ते भीमथडी तालुक्यात होतं, आणि आजचा दौंड तालुकाही त्याच जुन्या भीमथडीचा भाग. लोकांनी सावकारांची घरं-दुकानं फोडली, पण माणसांच्या जिवावर फारसं कुणी उठलं नाही. त्यांना हवे होते ते कागद. खतं, रोखे, खातेवह्या चौकात आणून जाळल्या.

सरकारनं आधी पोलीस पाठवले आणि मग चौकशी आयोग नेमला. 'डेक्कन रायट्स कमिशन' म्हणतात तो हा. अधिकारी गावोगाव गेले, रयतेच्या आणि सावकारांच्या जबान्या घेतल्या, कर्जाचे, व्याजाचे, पिकांच्या भावाचे आकडे गोळा केले. १८७८ साली त्याचा अहवाल थेट इंग्लंडच्या पार्लमेंटपुढे गेला. शिरूरच्या शेतकऱ्याच्या घरातला हिशोब लंडनमध्ये वाचला गेला, असं म्हणायला हरकत नाही.

त्या अहवालातून कळतं ते असं. १८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी युद्ध चाललं. तिकडचा कापूस बंद झाला, इकडच्या कापसाला सोन्याचा भाव आला आणि सावकारांनी हात सैल सोडून उचल दिली. युद्ध संपलं, भाव कोसळला, उचल आटली. त्याच सुमारास तीस वर्षांची मुदत संपून जमिनीची फेरआकारणी आली आणि सारा वाढला. भरीला एक कायदा होता. १८५९ सालच्या मुदतीच्या कायद्यानं कर्जरोखा तीनच वर्षं चालेल असं ठरलं. हेतू चांगला होता, की व्याज साचत राहू नये. झालं उलटंच. दर तीन वर्षांनी सावकार मुद्दल अधिक व्याज मिळून नवा रोखा लिहून घेऊ लागला, आणि त्या फुगलेल्या रकमेवर पुन्हा व्याज. आम्ही डॉक्टर लोक याला औषधाचा दुष्परिणाम म्हणतो. गोळी तापाची दिली आणि अल्सर झाला.

आयोगाचं निदान काय होतं? दोष सावकाराचा, सरकारी साऱ्याचा नाही. म्हणजे रोग्याच्या अंगात दोन दुखणी होती, आणि तपासणाऱ्यानं स्वतःच्या हातून झालेलं तेवढं सोडून दुसरं नोंदवलं. पुण्यात १८७० साली स्थापन झालेली सार्वजनिक सभा आणि गणेश वासुदेव जोशी, म्हणजे सार्वजनिक काका, हे साऱ्याच्या ओझ्याबद्दल तेव्हाही बोलत होते. पुढं जोतीराव फुल्यांनी 'शेतकऱ्याचा असूड' लिहून सरकार, सावकार आणि कारकून या सगळ्यांचाच हिशोब मांडला. तरीही आयोग फुकट गेला असं मी म्हणणार नाही. त्यातूनच १८७९ चा डेक्कन शेतकरी कायदा आला. पुणे, सातारा, सोलापूर आणि नगर या चार जिल्ह्यांत कोर्टाला बंधन पडलं, की नुसता रोखा बघून निकाल द्यायचा नाही, व्यवहार मुळापासून तपासायचा. कर्जापायी शेतकऱ्याला तुरुंगात टाकणं बंद झालं. सावकारांनी त्यालाही वाट काढली. गहाणाऐवजी खरेदीखतच करून घेऊ लागले. ते रडगाणं पुढं कितीतरी वर्षं चाललं.

एक शेर धान्य आणि दौंडची रेल्वे

दंग्याच्या पाठोपाठ १८७६-७७ चा मोठा दुष्काळ पडला. दौंड-मनमाड मार्गावरून तुम्ही कितीदा तरी गेला असाल. १८७८ साली सुरू झालेल्या त्या मार्गाची मातीकामं दुष्काळी कामं म्हणून उपाशी माणसांकडून करून घेतलेली आहेत.

मजुरी किती द्यायची यावर तेव्हा मोठा वाद झाला. सर रिचर्ड टेंपल हे सरकारचे दुष्काळ पाहणीसाठी पाठवलेले अधिकारी. खर्च वाचवायचा म्हणून त्यांनी ठरवलं, की मजुराला दिवसाला एक पौंड धान्य आणि वर थोडे पैसे पुरेत. एक पौंड म्हणजे साधारण साडेचारशे ग्रॅम, बोलायचं तर जुना अर्धा शेर. (मथळ्यात मी एक शेर लिहिला, तो लोकांना मिळायला हवा होता तेवढा.) साडेचारशे ग्रॅम ज्वारी-बाजरीत जेमतेम १६०० कॅलरी असतात. दिवसभर माती खणणाऱ्या धडधाकट पुरुषाला आजच्या हिशोबानं साडेतीन हजारांच्या आसपास लागतात. तेव्हाची माणसं चणीनं लहान होती हे धरलं तरी गणित बसत नाही.

हे सांगितलं कुणी, तर एका डॉक्टरनं. मद्रास इलाख्याचे आरोग्य अधिकारी डॉ. कॉर्निश यांनी लेखी हरकत घेतली, की एवढ्यावर काम करणारा माणूस झिजत जाईल, दीड पौंड धान्य आणि डाळ द्या. इकडे मुंबई इलाख्यात मजुरांनी आपल्या पायांनी उत्तर दिलं. १८७७ च्या सुरुवातीला हजारो माणसं दुष्काळी कामं सोडून निघून गेली, आणि सार्वजनिक सभेनं त्यांची बाजू सरकारपुढे मांडली. त्या दुष्काळानंतर दुष्काळ आयोग बसला, दुष्काळ संहिता आली. संकटात काम मागणाऱ्याला काम द्यायचं, हा विचार तिथून झिरपत १९७२ च्या दुष्काळापर्यंत आणि आपल्या रोजगार हमीपर्यंत आला. ज्यांच्या आजोबांनी बहात्तरला सुकडी खाऊन खडी फोडली त्यांना ते वेगळं सांगायला नको.

जातेगावची पाहणी

मग आले डॉ. हॅरल्ड मान. हे आमच्यातले डॉक्टर नव्हेत, रसायनशास्त्रज्ञ. आधी चहाच्या मळ्यांसाठी काम केलेले, नंतर पुण्याच्या शेती कॉलेजचे प्राचार्य. यांनी आधी पुण्याजवळचं पिंपळे सौदागर घराघरांतून तपासलं आणि १९१७ साली पुस्तक काढलं. आज जिथं बारा-बारा मजली सोसायट्या आहेत, तिथं १७७१ साली सरासरी जमीन ४० एकर होती आणि १९१५ च्या सुमारास ती ७ एकरांवर आली होती, हे त्यांनी जुनी दप्तरं काढून दाखवलं. लोक म्हणाले, हे गाव तर शहराला चिकटलेलं, खडकीच्या कारखान्यात कामाला जाणारं, त्यावरून दख्खनचं काय कळणार? म्हणून मानसाहेबांनी दुसरं गाव निवडलं, शहरापासून लांबचं, पावसावर जगणारं. ते होतं शिरूर तालुक्यातलं जातेगाव बुद्रुक. बरोबर होते ना. वि. कानिटकर. पुस्तक १९२१ साली छापलं गेलं.

त्यांची पद्धत सोपी होती. प्रत्येक घराचं उत्पन्न लिहायचं, खर्च लिहायचा, कर्ज लिहायचं, आणि मग घरांचे तीन गट करायचे. शेतीवर भागतं ते एक, बाहेरच्या मजुरीनं कसंबसं भागतं ते दुसरं, आणि कशानंच भागत नाही ते तिसरं. जातेगावात हा तिसरा गटच सगळ्यात मोठा निघाला. तोवर साहेबलोकांत आणि आपल्या शहाण्यांतही एक समज होता, की शेतकरी लग्नात उधळतो म्हणून कर्जात बुडतो. घरोघरचा हिशोब मांडल्यावर दिसलं, की लग्न नसलं तरी बहुतेकांच्या वर्षाच्या हिशोबाला मुळातच भोक आहे.

मला हे पुस्तक आवडतं, आणि त्याचा थोडा रागही येतो. ते इंग्रजीत निघालं. ज्या जातेगावकरांनी आपली भाकरी आणि आपलं कर्ज मोकळेपणानं सांगितलं, त्यांच्यापैकी कुणाच्या हातात ते पडलं असेल?

आता तुमच्या शुगरकडे

१९९३ साली पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचं मधुमेह पथक शिरूर भागात आलं. पाबळ-केंदूरच्या परिसरातली सहा गावं त्यांनी निवडली. प्रमुख डॉ. चित्तरंजन याज्ञिक, सोबत आघारकर संशोधन संस्थेच्या डॉ. शोभा राव आणि इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या डॉ. कॅरोलिन फॉल. त्यांनी गावातल्या लग्न झालेल्या बायकांची नोंद केली. दिवस राहण्याच्या आधी त्यांची उंची-वजन घेतलं, गरोदरपणात काय खाता, किती काम करता हे विचारलं, रक्त तपासलं, आणि बाळ जन्मलं की त्याला डोक्यापासून पायापर्यंत मोजलं. अशी आठशेच्या घरात बाळंतपणं.

या आया कशा होत्या? सरासरी उंची १५२ सेंटिमीटर, गरोदर होण्याआधीचं वजन सुमारे ४२ किलो. पूर्ण दिवसांच्या बाळाचं सरासरी वजन २.७ किलोच्या आतबाहेर. साउदॅम्प्टनची बाळं ३.५ किलोची. इथवर नवल काही नाही, आपली बाळं लहान असतात हे आपल्या सुईणींनाही ठाऊक होतं. नवल पुढं आहे. त्यांनी चिमटा घेऊन चरबी मोजली, दंडाचा घेर मोजला, पोट मोजलं. आपल्या बाळांचे स्नायू कमी होते, पोटातले अवयव लहान होते, पण पाठीवर, खांद्याच्या पात्याखाली, चरबी जवळजवळ इंग्रज बाळाइतकीच होती. म्हणजे पावणेतीन किलोच्या जिवात मांस कमी आणि चरबीचा वाटा जास्त. संशोधकांनी त्याला नाव दिलं 'थिन-फॅट' बाळ. दिसायला बारीक, आतून चरबीचं.

आता मावशींकडे परत बघा. "डॉक्टर, मी एवढी वाळकी, मला शुगर कशी?" हा प्रश्न मला आठवड्यातून दोनदा तरी ऐकू येतो. शरीरातली साखर खर्च करायचं मुख्य काम स्नायू करतात. स्नायू कमी, पोटाभोवती चरबी जास्त, असा देह असेल तर वजनकाटा तुम्हाला फसवतो. डॉ. याज्ञिकांनी २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचा आणि त्यांचे इंग्रज मित्र डॉ. जॉन युडकिन यांचा फोटो शेजारी शेजारी छापला. दोघांचा बीएमआय सारखाच, २२.३. चरबी मोजली तर एकाची ९.१ टक्के आणि दुसऱ्याची २१.२ टक्के. जास्त कुणाची, ते तुम्ही ओळखलंच असेल. म्हणून मी तुम्हाला वजनाबरोबर कंबरही मोजायला सांगतो. पुरुषांची ९० सेंटिमीटरच्या आणि बायकांची ८० च्या आत हवी. आणि आपल्याकडे बीएमआयचा धोका २५ ला नाही, २३ लाच सुरू होतो असं धरतात.

त्या पाहणीतून आणखी दोन गोष्टी निघाल्या, त्या मला जास्त महत्त्वाच्या वाटतात. एक, ज्या गरोदर बायकांच्या जेवणात हिरव्या पालेभाज्या, फळं आणि दूध जास्त वेळा होतं, त्यांची बाळं जरा भरलेली होती. आणि ज्या बायका गरोदरपणात पाणी वाहत होत्या, शेतात राबत होत्या, त्यांची बाळं लहान होती. म्हणजे बाळाचं वजन हे फक्त ताटाचं गणित नाही, हंड्याचंही आहे. विहिरीपासून घरापर्यंतचं अंतर हा प्रसूतितज्ज्ञाचा विषय आहे असं कुणी म्हटलं तर पूर्वी लोक हसले असते. गावात नळ येणं हा गरोदर बाईवरचा उपचार आहे, हे त्या सहा गावांच्या आकड्यांवरून म्हणता येतं.

दुसरी गोष्ट बी-१२ ची. या आयांपैकी साधारण दोन तृतीयांश जणींच्या रक्तात बी-१२ कमी निघालं. हे जीवनसत्त्व दूध, दही, अंडी, मांस, मासे यांत असतं, भाजी-भाकरीत नसतं. त्याच वेळी त्यांच्या शरीरात फोलेट चांगलं होतं, कारण पालेभाजीतही ते असतं आणि सरकारी लोहाच्या गोळीतही. मुलं सहा वर्षांची झाल्यावर तपासली तेव्हा दिसलं, की आईचं बी-१२ कमी आणि फोलेट जास्त अशी जोडी होती, त्या मुलांत इन्सुलिन नीट काम न करण्याचं प्रमाण सगळ्यात जास्त आहे. २००८ साली हे प्रसिद्ध झालं.

इथं हात जोडून सांगतो, हे वाचून कुणीही गरोदरपणातली लोह-फोलिक ॲसिडची गोळी बंद करू नका. ती रक्त वाढवते, बाळाच्या मज्जासंस्थेला लागते. प्रश्न एवढाच आहे, की एका जीवनसत्त्वाची काळजी सरकारनं घेतली आणि त्याच्या जोडीदाराची राहिली. १८५९ चा तीन वर्षांचा रोखा आठवतोय ना? पुढं याच मुलांना, ती वयात आल्यावर, बी-१२ देऊन पाहण्याचा प्रयोगही याच पथकानं सुरू केला. तेव्हाची ती बाळं आता तिशीच्या आसपास आहेत आणि त्यांच्यातल्या मुली स्वतः आया झाल्या आहेत.

याच केईएमचं वढू बुद्रुकचं केंद्रही तुमच्या ओळखीचं असेल. डॉ. बानू कोयाजी यांनी १९७० च्या दशकात ते काम उभं केलं. गावातलीच बाई निवडायची, तिला शिकवायचं, ती घरोघर जाणार. १९९३ साली त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. २००२ पासून तिथं शिरूर आणि हवेली तालुक्यांतल्या २२ गावांत प्रत्येक जन्म, मृत्यू आणि स्थलांतराची नोंद ठेवली जाते. "कोण वारलं का" हा मावशींना खटकलेला प्रश्न तिथूनच समजून घ्या. खेड्यात बरीच माणसं घरीच जातात आणि दाखल्यावर कारण लिहिलं जातं 'वार्धक्य' किंवा 'हृदय बंद पडले'. हृदय तर प्रत्येकाचंच बंद पडतं! म्हणून घरच्यांना विचारतात, की ताप होता का, धाप लागत होती का, पाय सुजले होते का, छातीत कळ आली होती का. त्यावरून खरं कारण ठरवतात. हे प्रश्न दुःखात मीठ चोळल्यासारखे वाटतात, मला कळतं. पण आपल्या भागात दम्यानं किती जातात आणि हृदयविकारानं किती, हे दुसरं कुणी सांगू शकत नाही.

आणि नकारही कामाचा असतो. पुणे जिल्ह्यातल्या गावांत गोवराची लस सुईऐवजी वाफेनं नाकातोंडावाटे देऊन पाहिली होती, दोन हजार बाळांवर. सुईला सुट्टी मिळेल अशी सगळ्यांना आशा होती. २०१५ साली निकाल आला. तीन महिन्यांनी तपासल्यावर सुईच्या लशीनं ९४.७ टक्के बाळांत संरक्षण दिसलं आणि वाफेच्या लशीनं ८५.४ टक्के. म्हणून तुमच्या नातवाला अजून सुईच टोचतात.

उलट न विचारल्यानं काय होतं तेही बघा. २०२१ ची जनगणना वेळेवर झाली नाही. रेशनच्या लाभार्थ्यांचा कोटा २०११ च्या लोकसंख्येवरच चालू राहिला. रांजणगाव आणि कुरकुंभच्या एमआयडीसीत बाहेरून आलेली माणसं तुम्हाला रोज दिसतात. ती २०११ च्या वहीत या गावांत नाहीत.

तर मावशी, पुढच्या वेळी ती मुलगी आली की आधी तिलाच विचारा, तू कुणाकडून आलीस, ओळखपत्र दाखव. सरकारी पाहणी आहे का संशोधन, ते विचारा. रक्त घेणार असतील तर कशासाठी, रिपोर्ट मला मिळणार का, हे विचारा. संशोधन असेल तर सही करण्याआधी कागद वाचून घ्या, वाचता येत नसेल तर घरातल्या पोराकडून वाचून घ्या. नाही म्हणायचा तुम्हाला पूर्ण अधिकार आहे, आणि नाही म्हटलं म्हणून दवाखान्यातला उपचार कुणी थांबवू शकत नाही. आधार नंबर, बँकेचा नंबर, ओटीपी हे आरोग्याच्या पाहणीला लागत नाही. कुणी मागितला तर दार लावून घ्या. आणि हो म्हटलंत, तर खरं सांगा. तंबाखू खाता तर खाते म्हणा.

मावशींचं बी-१२ मी त्याच दिवशी तपासायला पाठवलं होतं. सहा वर्षं मेटफॉर्मिन चालू आहे, त्या गोळीनं बी-१२ कमी होऊ शकतं, आणि दूध त्यांच्या पोटात जातं ते चहापुरतंच. परवा रिपोर्ट आला, बरंच कमी आहे. पायाला येणाऱ्या मुंग्या नुसत्या शुगरच्या नसाव्यात. इंजेक्शनचा कोर्स सुरू केला. सुई टोचून घेताना म्हणाल्या, "ती पोरगी आली की हे पण लिहून घ्यायला सांगते."